शांघायचा शिक्का

व्हिएन्ना. 1938चा जुलै संपत आलाय. चिनी वकिलातीबाहेरच्या रांगेत तुम्ही पहाटेपासून उभे आहात. तुम्ही ज्यू आहात. मार्चमध्ये हिटलरचं सैन्य शहरात शिरलं, त्याच आठवड्यात शेजाऱ्यांदेखत तुम्हाला गुडघ्यांवर बसवून रस्ता घासायला लावलं. मग दुकान गेलं. मग वडिलांना दाखाउच्या छळछावणीत नेलं. देश सोडून जाणार असल्याचा कागद दाखवलात तर सोडू, असं सांगतात. पण कागद देणार कोण? ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधल्या एव्हियाँला नुकतेच 32 देश जमले होते. हळहळले सगळे, दार मात्र जवळजवळ कुणीच उघडलं नाही.

रांग सरकते. आत हो फेंगशान आहेत, मे महिन्यापासून इथले चीनचे महावाणिज्यदूत. म्युनिकमध्ये डॉक्टरेट केलेली, त्यामुळे तुमची जर्मन त्यांना नीट कळते. अर्जावर तुम्ही लिहिता : शांघाय.

खरं तर शांघायमध्ये उतरायला व्हिसा लागतच नाही. जपान्यांनी वेढलेल्या त्या बंदरावर पासपोर्ट तपासणारंच कुणी नाही. हो यांना हे पक्कं ठाऊक आहे. शिक्का हवाय तो ऑस्ट्रियातून बाहेर पडायला, छावणीचं फाटक उघडायला. तुम्ही शांघायला जा की आणखी कुठे, त्यांची हरकत नाही.

बर्लिनमधले त्यांचे वरिष्ठ, राजदूत चेन जिये, यांना जर्मनीशी संबंध बिघडायला नकोत. व्हिसा थांबवा, असा त्यांचा हुकूम येतो. हो थांबत नाहीत. पैसे घेऊन व्हिसा विकतात की काय म्हणून चौकशीला माणूस येतो, हाती काही लागत नाही. पुढे वकिलातीची इमारत ज्यूंच्या मालकीची म्हणून नाझी ती बळकावतात, तेव्हा हो स्वतःच्या खर्चाने छोटी जागा घेऊन काम चालू ठेवतात. हा हट्ट मला फार मोठा वाटतो. शूर माणसं आणखीही असतील. रोज टेबलाशी बसून तीच अवज्ञा पुन्हा करणारे विरळाच.

तुमच्या हातात कागद पडतो. वडील सुटतील. इटालियन जहाज सुएझ ओलांडून मुंबईला थांबेल, मग कोलंबो, सिंगापूर, शांघाय. तिथे तुमच्यासारखे सुमारे 18,000 जण पोहोचतील.

हो यांच्या सेवापुस्तकात मात्र ठपका पडला. 1973 साली निवृत्त झाल्यावर, एव्हाना तैवानला गेलेल्या त्यांच्या सरकारने त्यांना पेन्शनही नाकारली. 1997 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ते वारले. इस्रायलच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मृतिसंस्थेने त्यांचा गौरव केला तो 2000 साली.