‘सॅड’ म्हणजे एकेकाळी तृप्त : दुःखाच्या इंग्रजी शब्दांचा इतिहास

नेट-पेटची तयारी करताना आपण ‘डिप्रेशन म्हणजे नैराश्य’ असं पाठ करतो आणि पुढे जातो. पण उद्या हाच शब्द प्रश्नावलीत घालून तुम्ही चोपडा किंवा साक्री तालुक्यातल्या गावात गेलात, तर डेटा तिथेच बिघडू शकतो. कसा, ते शब्दांच्या इतिहासातून पाहू.

‘सॅड’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता तृप्त, पोट भरलेला. त्याचा जर्मन भाऊबंद ‘झाट’ आजही तोच अर्थ सांगतो. अति झालं की वीट येतो, मग जडपणा, गंभीरपणा, आणि शेवटी दुःख, असा अर्थ सरकत गेला.

‘मेलँकली’ ग्रीकमधून आला. त्याचा अर्थ काळं पित्त. ते वाढलं की माणूस खिन्न होतो, असं ग्रीक वैद्य मानत. रॉबर्ट बर्टनने 1621 मध्ये या विकारावर मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हाही हाच समज चालू होता. पुढे पित्ताचा सिद्धांत गेला, शब्द तेवढा राहिला.

‘डिप्रेशन’चं मूळ लॅटिन, अर्थ खाली दाबणं. विसाव्या शतकात मानसोपचारात तो ‘मेलँकोलिया’च्या जागी रुळला. 1980 च्या अमेरिकन निदानपुस्तिकेत (डीएसएम-3) ‘मेजर डिप्रेशन’ हे नाव आलं.

आता मराठीत या. हाच ‘डिप्रेशन’ हवामानात कमी दाबाचं क्षेत्र होतो, अर्थशास्त्रात मंदी आणि मानसशास्त्रात नैराश्य. पहिल्या शब्दात दाब आहे, नैराश्यात तो नाही. तिथे आहे आशा संपणं. हिंदीने ‘अवसाद’ घेतला, म्हणजे खाली बसणं, खचणं. तो मूळ अर्थाच्या जास्त जवळ आहे.

फरक बारीक वाटेल, पण विचार करा. ज्याला झोप नाही, कामात मन नाही, पण पुढच्या हंगामातल्या कापसाची आशा अजून आहे, तो ‘नैराश्य आहे का?’ला सरळ ‘नाही’ म्हणेल. तुमच्या तक्त्यात तो ठणठणीत! तोच माणूस अहिराणीत म्हणत असतो, ‘माले करमत नही’. पीएचक्यू-9 या प्रश्नावलीचा पहिलाच प्रश्न कामात रस वा आनंद न वाटण्याबद्दल आहे. म्हणजे आपल्या हाताशी असलेला शब्द त्याच्या बराच जवळ जातो. अर्थात पोरगी सासरी गेली तरी आईला करमत नाही, म्हणून नुसत्या शब्दावर भागत नाही. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस, हेही विचारावं लागतं.

शब्दाचं मूळ शोधायला आपल्याला लांब जायची गरज नाही. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच 1926 मध्ये वारले. त्यांचा मराठी धातुकोश तिथल्याच राजवाडे संशोधन मंडळाने पुढे छापला.

तेव्हा प्रश्नावलीचं भाषांतर झालं की लगेच 200 प्रती झेरॉक्स करू नका. आधी पाच-सात जणांसमोर प्रश्न वाचा आणि विचारा, ‘यातून तुम्हाला काय समजलं?’ त्यांची उत्तरं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. प्रश्न त्यानंतर पक्के करा.