दोजिमाचा भाव

ओसाका पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा प्रथम किल्ल्याकडे वळतो, आणि त्यात त्याचा दोषही नाही. ते रुंद खंदक आणि त्या अजस्र शिळा पाहून कोणीही क्षणभर थबकेल. परंतु तोयोतोमी हिदेयोशीने 1583 साली बांधावयास घेतलेला मूळ किल्ला 1615 च्या वेढ्यात पडला, आज दिसणारे तट विजेत्या तोकुगावांनी नंतर रचले, आणि मधला उंच मनोरा तर 1931 साली नागरिकांच्या वर्गणीतून काँक्रीटचा उभारलेला आहे. ज्या ठिकाणी या शहराचे खरे सामर्थ्य साठले होते ते ठिकाण पाहावयाचे असेल, तर तेथून पश्चिमेस, नाकानोशिमा बेटाच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या दोजिमा नदीच्या काठी जावे. तेथे पाहण्यासारखे जवळजवळ काहीच उरलेले नाही, ही गोष्ट निराळी.

तोकुगावा राजवटीत जमिनीचा सारा मुख्यतः ऐनजिनसी, तांदळाच्या रूपाने, वसूल होई. दाइम्यो म्हणविणाऱ्या मांडलिक सरदारांचा दर्जा त्यांच्या मुलखातील उत्पन्नाच्या कोकूंवर ठरे, आणि त्यांच्या पदरच्या सामुराईंची तैनातही त्याच मापाने नेमून दिलेली असे. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, एका माणसास वर्षभर पुरावा इतका तांदूळ. परंतु एदो राजधानीतील वाडा, लवाजमा आणि नजरनजराणे यांचा खर्च तांदळाच्या पोत्यांनी भागत नाही, त्यास नक्त पैसाच लागतो. म्हणून ठिकठिकाणचे सरदार आपला तांदूळ गलबतांत भरून ओसाकास पाठवीत, आणि तेथे नदीच्या व कालव्यांच्या काठी त्यांच्या वखारी उभ्या असत. अशा वखारींची संख्या शंभरावर गेली होती. ओसाकास साऱ्या देशाचे स्वयंपाकघर म्हणण्याचा प्रघात पडला तो यामुळे.

बाजाराची सुरुवात योदोया नावाच्या धनाढ्य घराण्याच्या दारात झाली. कितहामा भागातील त्यांच्या पेढीसमोर भर रस्त्यात सौदे होत. या घराण्याने बांधलेल्या पुलाच्या जागी आज जो पूल आहे, तो अजूनही योदोयाबाशी याच नावाने ओळखला जातो. 1705 साली शोगूनच्या, म्हणजे तोकुगावा सत्ताधीशाच्या, सरकारने, व्यापाऱ्याने आपल्या पायरीस न शोभणारा डामडौल केला या सबबीवर, या घराण्याची सर्व मालमत्ता जप्त केली. किती सरदार या घराण्याचे देणे लागत होते हे ध्यानात घेतले म्हणजे जप्तीचे दुसरे कारण शोधीत बसावे लागत नाही. बाजार मात्र त्यापूर्वीच, सतराव्या शतकाच्या अखेरीस, नदीपलीकडे दोजिमास हलला होता.

तेथील व्यवहाराची रीत मोठी चतुर होती. वखारीतील तांदळाचा लिलाव होई, आणि ज्याची बोली मान्य होई त्याने रक्कम भरली की त्याच्या हाती तांदूळ न येता दहा कोकूंची एक चिठ्ठी येई. ही चिठ्ठी कमरपट्ट्यात मावत असल्यामुळे ती एकाने दुसऱ्यास, दुसऱ्याने तिसऱ्यास विकणे ओघानेच आले. पुढे चिठ्ठीचीही गरज उरली नाही. वर्षाचे तीन हंगाम पाडून, प्रत्येक हंगामात एका ठरावीक मुलखाचा तांदूळ प्रमाण मानून, केवळ वहीत नोंदलेल्या तांदळाची खरेदीविक्री होऊ लागली. मुदत भरली की भावातील फरकाची रक्कम तेवढी द्यावयाची किंवा घ्यावयाची, आणि तांदळाचा एक दाणाही जागचा हलवावयाचा नाही. आपल्याकडील वायद्याचाच हा प्रकार. सरकारने प्रथम या व्यवहारास मनाई केली होती. परंतु तांदळाचे भाव कोसळून सामुराईंची तैनात निम्म्या मोलाची होते की काय अशी वेळ आली, तेव्हा आठवा शोगून तोकुगावा योशिमुने याच्या सरकारने 1730 साली दोजिमास रीतसर परवाना दिला. जगातील पहिला संघटित वायदेबाजार म्हणून अर्थशास्त्राचे इतिहासकार त्याचे नाव घेतात. तथापि परवाना देणाऱ्यांच्या मनात व्यापाऱ्यांचे कल्याण नव्हते, भाव चढावा एवढाच त्यांचा मतलब होता.

बाजार बंद करण्याची पद्धत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दिवसाचे सौदे आटोपत आले की बंदुकीच्या तोड्याचा एक तुकडा पेटवून पेटीत टांगीत. तो धुमसत असेपर्यंत हातांच्या खुणांनी आणि आरोळ्यांनी सौदे चालत. तो विझला की बाजार संपला, आणि त्या घटकेचा भाव तो त्या दिवसाचा भाव ठरला. (दीर्घ शांततेच्या त्या काळात बंदुकीच्या तोड्यास दुसरे काम तरी काय उरले होते?) परंतु तोडा विझला म्हणून दलाल हटतातच असे नाही. मग याच कामासाठी नेमलेले पाणके पुढे सरसावत आणि रेंगाळणाऱ्यांच्या अंगावर पाणी फेकून त्यांना पांगवीत. ठरलेला भाव जासूद धावत धावत परगावी नेत. पुढे डोंगरमाथ्यांवरून निशाणे हलवून आणि दुर्बिणीने ती टिपून तो काही मिनिटांत दूरदूरच्या शहरांस कळविण्याची युक्ती निघाली.

समाजाच्या उतरंडीत व्यापाऱ्याचे स्थान सर्वांच्या खाली, आणि तलवार बांधणाऱ्याच्या तैनातीचे मोल मात्र त्यानेच ठरवावयाचे, अशी ही स्थिती होती. पैशाच्या ओढीने काही सरदार वखारीत नसलेल्या तांदळाच्याही चिठ्ठ्या काढू लागले, तेव्हा 1761 साली अशा पोकळ चिठ्ठ्यांवर बंदी घालावी लागली. याच व्यापारीवर्गातला यामागाता बांतो हा एका ओसाकी पेढीचा मुनीम. सेंदाईच्या सरदाराच्या डबघाईस आलेल्या खजिन्याची घडी त्याने बसवून दिली, आणि व्यापाऱ्यांनी 1724 साली काढलेल्या काइतोकुदो पाठशाळेत अध्ययन करून भुताखेतांचे अस्तित्व नाकारणारा ग्रंथही लिहिला.

परंतु या बुद्धिवैभवाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. 1833 पासून लागोपाठ दुष्काळ पडले, गोरगरिबांची उपासमार होऊ लागली, आणि शहरात धान्य असूनही ते त्यांच्या आवाक्याबाहेर गेले. ओशिओ हेइहाचिरो या निवृत्त पोलीस अंमलदाराने, जो स्वतः व्यासंगी पंडित होता, आपला ग्रंथसंग्रह विकून आलेला पैसा गरिबांत वाटला, आणि 1837 साली बंडाचे निशाण उभारून धनिकांच्या पेढ्यांवर चाल केली. बंड एका दिवसात मोडले. बंडखोरांनी लावलेल्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला, आणि लपून बसलेल्या ओशिओने अखेर आत्मघात केला. ज्या बाजारास भाव अचूक कळतो त्यास भूकही कळतेच असे नाही, हे त्याने ओसाकास दाखविले, असे माझे मत आहे.

तोकुगावांची सत्ता गेल्यावर आलेल्या मेजी सरकारने 1869 साली दोजिमाचा बाजार बंद केला, दोन वर्षांत पुन्हा उघडू दिला, आणि युद्धकालीन नियंत्रणे आली तेव्हा 1939 साली तो कायमचा मिटला. आज तेथे नदीकाठी वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांनी योजिलेले, तांदळाच्या दाण्याच्या आकाराचे एक स्मारक आहे. तेथून पूर्वेस नाकानोशिमावर लाल विटांचे सार्वजनिक सभागृह लागते. कितहामाचा शेअरदलाल इवामोतो एइनोसुके याने त्यासाठी दहा लक्ष येन दिले, आणि सट्ट्यात बुडाल्यामुळे 1916 साली, सभागृह पुरे होण्याच्या दोन वर्षे आधी, स्वतःवर गोळी झाडून घेतली. प्रवाशाने किल्ल्याआधी या दोन जागा पाहाव्यात. तांदळाच्या वायद्यास जपानी सरकारने 2011 साली प्रायोगिक परवानगी दिली, 2021 साली कायम मंजुरी नाकारली, आणि ऑगस्ट 2024 पासून दोजिमाचेच नाव लावणाऱ्या ओसाकाच्या बाजारात तो पुन्हा सुरू झाला आहे.