क्ष-किरण चित्र आकड्यांत कसे आले : रुग्णालयांतील डिजिटल प्रतिमांची पहिली बावीस वर्षे

प्रतिमा-प्रक्रिया शिकताना आपण पिक्सेल, बिट आणि मॅट्रिक्स या गोष्टी गृहीत धरतो. रुग्णालयात मात्र चित्र आकड्यांत आले आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षे तिथले काम फिल्मवरच चालत राहिले. हा उशीर का झाला, ते या पाठात पाहू.

सुरुवातीला एक घरची गोष्ट सांगतो. १९९६ साली, मी अकरावीत असताना, वडिलांच्या डोक्याला मार लागला. तालुक्याच्या गावाहून शहरात नेऊन सीटी स्कॅन केला. मोठ्या पाकिटातून प्लेटा मिळाल्या. आठ दिवसांनी त्या घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यातली एक प्लेट गहाळ! जिथे स्कॅन केला होता तिथे चौकशी केली, तर उत्तर मिळाले की मशीनमधला डेटा पुसला गेला आहे. पुन्हा स्कॅन, पुन्हा पैसे, पुन्हा किरणोत्सर्ग. चित्र मुळात आकड्यांचेच होते, पण आकडे कोणी ठेवले नव्हते. त्या काळी हे अपवादात्मक मुळीच नव्हते.

आता १ ऑक्टोबर १९७१ कडे जाऊ. लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात त्या दिवशी एका स्त्रीच्या डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असावी असा संशय होता. यंत्र बनवले होते ईएमआय कंपनीचे अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी आणि रुग्णालयाच्या बाजूने काम पाहत होते डॉ. जेम्स ॲम्ब्रोज. साध्या क्ष-किरण चित्रात कवटी दिसते, मेंदू दिसत नाही. म्हणून १९१९ पासून पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूच्या पोकळ्या दाखवण्याची पद्धत होती. ती रुग्णाला फार त्रासदायक असे. ही यातना टळणार होती, एवढे त्या स्कॅनचे मोल होते.

यंत्राचे काम आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहा. क्ष-किरणांचा बारीक झोत डोक्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो आणि १६० मोजमापे घेतो. मग सगळी चौकट एक अंशाने फिरते. असे १८० वेळा. म्हणजे १६० × १८० = २८,८०० मोजमापे, आणि शोधायच्या संख्या ८० × ८० = ६,४००. एका छेदाला चार-पाच मिनिटे लागत. मोजमापे चुंबकीय टेपवर साठवली जात आणि गणित करायला ती टेप रुग्णालयातून ईएमआयच्या संगणकाकडे पाठवली जाई. टेपवर चित्र नव्हतेच, फक्त आकडे होते. त्यांतून संगणकाने रचलेल्या चित्रात गाठ स्पष्ट दिसली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळाले.

इतके होऊनही डॉक्टरांच्या हातात काय पडे? पडद्याचा फोटो. आधी पोलरॉइड, नंतर मोठ्या फिल्मवर ओळीने छापलेले छेद. त्यात काय हरवते ते नीट समजून घ्या, कारण परीक्षेत हा प्रश्न येवो न येवो, व्यवहारात येतो. सीटीच्या प्रत्येक पिक्सेलची संख्या हवेपासून हाडापर्यंत हजारो पायऱ्यांत असू शकते. आपल्या डोळ्याला एका वेळी करड्या रंगाच्या काही डझन छटाच वेगळ्या ओळखता येतात. म्हणून ठरावीक पट्टा निवडून तेवढाच काळ्या-पांढऱ्यात पसरतात. याला विंडो म्हणतात. मेंदूची विंडो लावली तर हाड एकसारखे पांढरेफटक दिसते, हाडाची लावली तर मेंदू एकसारखा करडा. पडद्यावर ती बदलता येते. प्लेटवर मात्र तंत्रज्ञाने निवडलेली एकच विंडो कायमची गोठते. फ्रॅक्चरची बारीक रेघ डेटात असूनही प्लेटवर नसणे शक्य होते.

फिल्म टिकून राहिली याची कारणे मात्र समजण्यासारखी होती. ती वाचायला फक्त उजेड लागतो, ती कायदेशीर पुरावा ठरते आणि कोणत्याही डॉक्टरकडे नेता येते. भिंतीवरच्या लाइट बॉक्सवर आठ फिल्म शेजारी-शेजारी लावून डोळा फिरवण्याचा वेग त्या काळच्या कोणत्याही संगणकाला जमणारा नव्हता. (शिवाय जुन्या फिल्ममधली चांदी विकली जाई. भंगारवाले आजही त्या घेतात.)

सीटीनंतर साध्या एक्स-रेची पाळी आली. १९८१ साली जपानच्या फुजी कंपनीने फॉस्फर प्लेटची पद्धत मांडली आणि १९८३ पासून ती रुग्णालयांत जाऊ लागली. प्लेटवर बेरियम, फ्लोरिन आणि ब्रोमिन यांचे संयुग असते आणि त्यात किंचित युरोपियम. क्ष-किरण पडले की इलेक्ट्रॉन स्फटिकात अडकून बसतात. मग लाल लेझरचा ठिपका प्लेटवरून ओळीओळीने फिरवला की ते सुटतात आणि निळसर प्रकाश देतात. तो मोजून आकडे करतात. पुढे तीव्र उजेडात प्लेट पुसून पुन्हा वापरता येते. जुने क्ष-किरण यंत्र बदलावे लागत नाही, ही यातली मोठी सोय. अतिदक्षता विभागात खाटेवरच्या रुग्णाचे चित्र घेताना किरणांची मात्रा हमखास चुकते. फिल्म अशा वेळी काळी किंवा कोरी निघे. फॉस्फर प्लेट मात्र मोठ्या फरकातही चित्र देते. पण यातच एक खोट होती. जास्त मात्रा दिली तरी चित्र सुंदरच येते, उलट अधिक स्वच्छ येते. फिल्म चूक दाखवत होती, ही पद्धत ती झाकू लागली आणि मात्रा हळूहळू वाढवत नेण्याची सवय लागण्याचा धोका निर्माण झाला.

आणि गंमत पाहा : सुरुवातीची ही यंत्रेसुद्धा आकडे मिळवून शेवटी लेझरने फिल्मच छापत.

का, ते वहीत गणित करून बघा. छातीच्या एक्स-रेचा आकार १४ × १७ इंच. दर मिलिमीटरला ५ पिक्सेल धरले तर सुमारे १,७७८ × २,१५९, म्हणजे ३८ लाखांवर पिक्सेल. प्रत्येकी २ बाइट धरले तर ७७ लाख बाइट. १९८३ च्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्ड डिस्क १० मेगाबाइटची होती. त्यात असे एक चित्र बसेल, दुसरे बसणार नाही. तेच चित्र सेकंदाला ९,६०० बिट वेगाच्या मोडेमने पाठवले तर जवळपास पावणेदोन तास लागतील. मोठ्या रुग्णालयात दिवसाला शेकडो चित्रे निघतात! म्हणून पुढे ऑप्टिकल डिस्कच्या जुकबॉक्सची युक्ती आली. उद्या येणाऱ्या रुग्णांची जुनी चित्रे रात्रीच संथ साठ्यातून काढून वेगवान डिस्कवर आणून ठेवत.

साठवण दरवर्षी स्वस्त होत गेली, ती अडचण काळानेच सोडवली. दुसरी अडचण माणसांनी निर्माण केलेली होती. प्रत्येक कंपनीच्या टेपचा साचा वेगळा होता आणि एका कंपनीच्या स्कॅनरचे चित्र दुसरीच्या पडद्यावर उघडत नसे. माझ्या मते खरा उशीर इथे झाला. १९८३ मध्ये अमेरिकेतील रेडिओलॉजिस्टांची संस्था आणि उपकरण उत्पादकांची संघटना यांनी एकत्र समिती नेमली. १९८५ च्या पहिल्या मानकात ५० पिनांची केबल होती, दोन यंत्रांना थेट जोडणारी. नेटवर्कचा विचार नव्हता. १९८८ ला दुसरी आवृत्ती आली आणि १९९३ ला नेटवर्कवर चालणारे डायकॉम. बैठका, तक्ते, कलमे, असे कंटाळवाणे काम. त्यासाठी नोबेल नसते.

याच सुमारास फिल्मशिवाय चालणारी रुग्णालये उभी राहू लागली : १९९२ मध्ये व्हिएन्नात डॅन्यूब हॉस्पिटल, १९९३ मध्ये बाल्टिमोरचे माजी सैनिकांचे रुग्णालय, पुढे लंडनचे हॅमरस्मिथ. तिथे एकच चित्र वॉर्डात आणि शस्त्रक्रियागृहात एकाच वेळी पाहता येऊ लागले.

वडिलांचा पुढचा स्कॅन २००४ साली झाला, तेव्हा प्लेटांबरोबर एक सीडी मिळाली. गेल्या वर्षी ती कपाटात सापडली. तिच्यावरचा चित्रे दाखवणारा प्रोग्राम आजच्या संगणकावर सुरूच झाला नाही. मी ती प्रयोगशाळेत नेली आणि मुलांना फाइलचे कच्चे बाइट उघडायला सांगितले. पहिले १२८ बाइट रिकामे, त्यानंतर चार अक्षरे : डी, आय, सी, एम. एका मुलीने मोफत मिळणाऱ्या व्ह्यूअरमध्ये ती फाइल टाकली. वडिलांची कवटी पडद्यावर आली आणि तिने विंडो सरकवायला सुरुवात केली.