चोडण-दिवाडीची सायकलवाट आणि तिच्याखालचे बांध

तापीकाठच्या बऱ्हाणपुरात वकिली करणाऱ्या माणसाने मांडवीतील बेटांविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर पाण्यात आहे. आमच्या गावात कुंडी भंडारा नावाची भूमिगत जलव्यवस्था आहे. सातपुड्याकडून तापीकडे झिरपत जाणारे पाणी भुयारांत अडवून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्याची ही योजना अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात, १६१५ च्या सुमारास आकारास आली. २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव गेले. अशा गावच्या माणसास एवढे सहज कळते की पाण्याचे काम एकदा बांधून संपत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्या राखावे लागते. दुसरे उत्तर इतिहासात आहे. १६८१ च्या आरंभी ज्या संभाजी महाराजांच्या फौजा बऱ्हाणपुरावर चालून आल्या, त्याच महाराजांनी १६८३ च्या नोव्हेंबरात दिवाडीच्या पूर्वेकडील जुवे बेटाचा किल्ला घेऊन पोर्तुगीज विजरईला प्रत्यक्ष राजधानीच्या दारात पेचात धरले होते. तेव्हा या दोन नद्यांचा संबंध अगदीच परका नव्हे.

चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला, मांडवी आणि म्हापसा नदी यांच्या संगमाशी, डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर. थोर पक्षितज्ज्ञ सलीम अली १९८७ साली निवर्तले व १९८८ साली हे अभयारण्य त्यांच्या नावे जाहीर झाले. भरतीला मुळे बुडालेली व ओहोटीला उघडी पडलेली खारफुटीची झाडी, तिच्यात खंड्या, बगळे, घारी आणि हिवाळ्यात दूरदेशाहून उतरणारे पाणपक्षी, असे हे लहानसे पण भरलेले स्थान आहे. अलीकडे या अभयारण्याच्या भोवताली सायकलीने फिरणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि ते योग्यच आहे. मोटारीच्या वेगात ही बेटे दिसत नाहीत. पायी हिंडावयास दिवस पुरत नाही. सायकल हे त्या दोहोंमधले वाहन आहे, आणि सायकलस्वाराला रस्त्याचा चढउतार डोळ्यांआधी पायांना कळतो.

वाट अशी आहे. पणजीहून निघून रायबंदरास यावे, तेथे फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडणास उतरावे. उतरताच अभयारण्य लागते. तेथून खारफुटीमधून जाणाऱ्या उंचवट्याच्या रस्त्याने गावात, मग बेट ओलांडून पुलावरून मये गावी, मयेहून नार्व्यास, नार्व्याहून पुन्हा फेरीबोटीने दिवाडीस, आणि दिवाडीहून तिसऱ्यांदा नदी ओलांडून जुने गोवे किंवा रायबंदर. सकाळी लवकर निघालेला धडधाकट माणूस वाटेत थांबत-थांबत ही फेरी एका दिवसात सहज पुरी करतो. या फेरीतील प्रत्येक टप्पा इतिहासाचे एकेक पान आहे. परंतु ती पाने ज्या एका गोष्टीने शिवलेली आहेत, तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे बांध.

पहिलाच टप्पा घ्या. पणजी आणि रायबंदर यांच्यामधला सुमारे तीन किलोमीटरांचा सरळ सेतुमार्ग लिन्यारिशचा काउंट मिगेल द नोरोन्य या विजरईच्या कारकीर्दीत १६३३-३४ साली बांधला गेला. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यास होती. पणजीस ती १८४३ साली आली. दलदल व मिठागरे यांच्यावरून गेलेला हा मार्ग आज पावणेचारशेहून अधिक वर्षे वाहतूक सोसत आहे. पाहुण्यास तो परकीय सत्तेचे कर्तृत्व म्हणून दाखविला जातो. ते आहेच. पण पोर्तुगीज येण्यापूर्वी किती शतके तरी या तीरांवरचे लोक चिखल, पेंढा, फांद्या आणि जांभा दगड यांच्या साहाय्याने भरतीचे पाणी थोपवीत आले होते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

त्या विद्येचे फळ म्हणजे खाजन. समुद्रसपाटीच्याही खाली असलेली खाडीकाठची जमीन बांध घालून शेतीखाली आणली, की तिला खाजन म्हणतात. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दार असते, त्यास मानस म्हणतात. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने झडप मिटते व खारे पाणी बाहेर राहते; ओहोटी लागली की आतले पाणी झडप ढकलून बाहेर पडते. दिवसातून दोनदा नदी आपल्याच हाताने दार लावते आणि उघडते. आत खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. मात्र खेकड्याने पाडलेले एखादे भोक वेळीच बुजविले नाही, तर एका मोठ्या उधाणात सबंध गावाचे वर्ष बुडते. म्हणून बांधाची राखण कोणा एकाची असू शकत नव्हती. ती गावकरीची, म्हणजे गावच्या मूळ कुळांच्या सामाईक संस्थेची असे. आणि प्रत्यक्ष चिखलात उतरून बांध उभा ठेवणारे हात बहुधा ज्यांची नावे गावकरीच्या वहीत नव्हती अशा कष्टकऱ्यांचे असत.

कायद्याच्या अभ्यासकास येथे एक विलक्षण गोष्ट दिसते. १५१० साली तिसवाडी जिंकणाऱ्या पोर्तुगीजांनी १५२६ साली, अफोन्सो मेक्सिया या अधिकाऱ्याच्या हातून, या गावांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली आणि गावकरीचे अस्तित्व मान्य केले. १५४० नंतर याच सत्तेने तिसवाडीतील देवळे पाडली, १५६० साली धर्मन्यायालय बसविले. पण गावकरी मोडली नाही. कारण उघड आहे. बांध राहिला तरच पीक, आणि पीक आले तरच कर. ज्या कुळांनी धर्म बदलला त्यांचाही गावकरीतील वाटा चालू राहिला. देऊळ गेले, नाव बदलले, प्रार्थना बदलली. बांध मात्र त्याच वंशांच्या हाती राहिला. चोडण-दिवाडीच्या ख्रिस्ती आणि हिंदू रहिवाशांत आजही जे सामाईक आहे त्याचा एक मोठा भाग त्या चिखलमातीत आहे.

देव कोठे गेले, हे आपल्या वाचकांस निराळे सांगावयास नको. तथापि वाटेच्या संदर्भात ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. सोळाव्या शतकात नदी ही दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे पोर्तुगीजांचा हुकूम, पलीकडे आदिलशाहीचा प्रदेश. हिंदूंच्या देवांना आसरा मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात, ही इतिहासाची गुंतागुंत विसरण्याजोगी नाही. चोडणचा देवकीकृष्ण मये येथे गेला व पुढे माशेलास स्थिरावला. म्हणजे आजचा सायकलस्वार चोडणहून मयेस जातो तेव्हा त्याच दिशेने जातो. दिवाडीचा गणपती अखेर खांडोळ्यास पोहोचला. आणि कदंब राजे ज्याच्या वरप्रसादाचा उल्लेख आपल्या बिरुदांत करीत, तो सप्तकोटेश्वर दिवाडीहून नदीपलीकडे डिचोली महालातील नार्व्यास आला.

सप्तकोटेश्वराचा हा दुसरा वनवास होता. चौदाव्या शतकात बहामनी स्वारीत त्याचे देऊळ उद्ध्वस्त झाले होते आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने त्याची पुनःस्थापना केली होती. पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडल्यावर लिंग पैलतीरी नेले गेले, आणि १६६८ साली, शके १५९० मध्ये, शिवाजी महाराजांच्या आज्ञेने नव्या देवालयाच्या बांधकामास प्रारंभ झाल्याचा शिलालेख नार्व्यास आहे. गोवा शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर २०२३ साली हे मंदिर पुन्हा भाविकांस खुले झाले. नार्व्याहून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत आपण दिवाडीच्या त्या तीरावर असतो, जेथे देवाचे मूळ स्थान आणि कोटीतीर्थ होते. एवढ्याशा पाण्याने एका काळी केवढे अंतर निर्माण केले होते, आणि केवढे रक्षणही केले होते!

दिवाडीत पियेदादच्या टेकडीवर चढताना सायकलस्वारास थोडा दम लागतो. वर गिरिजाघराशेजारच्या स्मशानभूमीत एका जुन्या मंदिराचा कदंबकालीन अवशेष, कोरीव छतासह, अद्याप उभा आहे. टेकडीवरून खाली पाहिले की शेते, बांध, नदी आणि पलीकडे जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. या गावात ऑगस्टमध्ये बोंदेरां नावाचा उत्सव होतो. वाड्यावाड्यांच्या हद्दीच्या तंट्यांत खुणेसाठी निशाणे रोवीत व विरुद्ध पक्ष ती पाडीत असे, त्याची ही आठवण. हद्दीचे भांडण शेवटी मिरवणूक व करमणूक होऊन जिरावे, हे आमच्या व्यवसायातील लोकांस हेवा वाटण्यासारखे आहे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहिला ते सांगतो. हे बांध आज संकटात आहेत. १९६१ साली गोवा मुक्त झाला, १९६४ साली कूळ कायदा आला, आणि कसणाऱ्यास जमिनीचा न्याय्य हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याबरोबर बांधांची जबाबदारी गावकरीकडून कूळसंघांकडे गेली. हक्क वाटला गेला तसे कर्तव्य मात्र नीट वाटले गेले नाही. अनेक ठिकाणी शेती परवडेनाशी झाली. मानशीवरील मासळीचे उत्पन्न मात्र राहिले, आणि मासळीच्या लोभाने खारे पाणी आत घेण्याचे प्रकार होऊ लागले. बांध फुटला की शेतात खारफुटी रुजते. खारफुटी रुजली की किनारी नियमनाचा कायदा तिला संरक्षण देतो, आणि शेतकऱ्यास आपलेच शेत परत मिळविणे अवघड होते. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्याच्या खाजन जमिनींचा स्वतंत्र विचार झाला हे चांगले झाले. पण अधिसूचना खेकड्याचे भोक बुजवीत नाही.

कोणी म्हणेल, खारफुटी वाढली तर पक्ष्यांचा लाभच नव्हे काय? तसे सरळ गणित नाही. बगळ्याला झाडी लागते तशी उथळ पाण्याची शेते आणि ओहोटीचा चिखलही लागतो. अभयारण्याच्या १.७८ चौरस किलोमीटरांत पक्षी राहतात. जगतात ते भोवतालच्या खाजनांवर. झाडी, शेत व मासळी यांचा जो समतोल आपण निसर्ग म्हणून पाहावयास जातो, त्यातील अर्धा माणसाच्या श्रमाचा आहे. तो श्रम थांबला तर खाजन बुडेल, आणि खाजन बुडाले की सायकलीखालचा रस्ताही फार दिवस कोरडा राहणार नाही.

म्हणून या वाटेने जाणाऱ्याने थोडे नियम पाळावेत. पावसाळ्यात मातीच्या बांधावर चाक घालू नये. ओल्या मातीत पडलेल्या चाकोरीतून पाणी वाट काढते. कोरड्या दिवसांतही अरुंद बांधावर उतरून चालावे. मानशीच्या झडपेस हात लावू नये. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी, म्हणजे पक्षीही दिसतात आणि नदीचे दार मिटताना-उघडतानाही पाहावयास मिळते.

आणि एक विनंती देवस्थानांच्या महाजनांस. माशेल, खांडोळे, नार्वे येथे उत्सवास आपण दुरून जातो, अभिषेक करतो, प्रसाद घेतो. ज्या बेटांवरून हे देव आले त्या बेटांवर आपल्या पूर्वजांचे बांध अजून आहेत आणि ते राखणारी माणसे थोडी उरली आहेत. वर्षातून एक दिवस मुलांना घेऊन ही फेरी करावी, बांधाच्या डागडुजीचे काम चालू असेल तेथे विचारून हात लावावा, आणि देवस्थानाच्या निधीतून कूळसंघास काही साहाय्य देता येईल काय हे सभेत मांडावे. देवास नदीपार नेणाऱ्या पिढीने मागे ठेवलेल्या मालमत्तेपैकी तेवढीच एक अजून आपल्या सांभाळण्याजोगी उरली आहे.