माल्मोची गोदी : कॉकुम्सचा उदय आणि अस्त

कॉकुम्सची सुरुवात जहाजांपासून झाली नाही. फ्रान्स हेनरिक कॉकुम हा स्वीडनच्या दक्षिण टोकावरील माल्मो शहरातला तंबाखूचा कारखानदार. १८४० मध्ये त्याने वेशीबाहेर लोखंडाच्या ओतकामाचा आणि यंत्रांचा कारखाना काढला. बंदरातली गोदी आली ती १८७० मध्ये, संस्थापकाच्या उतारवयात. पुढे रेल्वेचे डबे, जहाजे आणि १९१४ पासून पाणबुड्या अशी कामाची व्याप्ती वाढत गेली.

खरा बहर दुसऱ्या महायुद्धानंतरचा. युद्धाने युरोपातल्या अनेक गोद्या मोडल्या होत्या. तटस्थ स्वीडनच्या शाबूत होत्या. जग तेलावर चालू लागले आणि तेलवाहू जहाजांची मागणी वाढतच राहिली. १९५० च्या दशकात कॉकुम्स जगातल्या अग्रगण्य गोद्यांत मोडू लागली. पुढे १९६७ मध्ये सुएझ कालवा बंद पडला. आखातातले तेल आफ्रिकेला वळसा घालून न्यावे लागले आणि त्या लांब फेरीला जहाज जितके मोठे तितके परवडणारे ठरले. कॉकुम्सने साडेतीन लाख टनांपर्यंत माल वाहणारे टँकर बांधले. त्यासाठीच १३८ मीटर उंच आणि १,५०० टन उचलणारी प्रचंड क्रेन उभारली गेली.

ही क्रेन तयार झाली १९७४ च्या सुमारास, आणि १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले होते. तेलाची वाहतूक आटली, १९७५ मध्ये सुएझही उघडला, महाकाय टँकर नकोसे झाले. जपान आणि कोरियातल्या गोद्या कमी खर्चात जहाजे देत होत्या. कारागिरी उणी पडली म्हणून कॉकुम्स बुडाली, असे म्हणणे तिथल्या कामगारांवर अन्यायाचे होईल. गोदी ज्या एका मालावर उभी होती, त्याला गिऱ्हाईक उरले नाही. १९७९ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. १९८६ मध्ये व्यापारी जहाजांची बांधणी थांबवायचे ठरले आणि १९८७ मध्ये ‘सेलिब्रेशन’ हे प्रवासी जहाज शेवटचे ठरले. त्या जागेवर साबचा मोटारींचा कारखाना आला, पण १९९१ मध्येच बंद पडला. क्रेनचे शेवटचे मोठे काम माल्मोला डेन्मार्कशी जोडणाऱ्या ओरेसुंड पुलाचे होते. २००२ मध्ये ती कोरियाच्या ह्युंदाईने अवघ्या एका डॉलरला घेतली आणि सुटी करून उल्सानला नेली. निरोपाला जमलेल्या लोकांचे डोळे भरून आले, म्हणून कोरियात तिला ‘माल्मोचे अश्रू’ म्हणतात.

पाणबुड्यांचे काम मात्र सुटले नाही. ऑस्ट्रेलियाच्या सहा कॉलिन्स वर्गातील पाणबुड्यांचा आराखडा कॉकुम्सचा. १९९० च्या दशकातील गोटलंड वर्गात स्टर्लिंग इंजिन बसवले गेले. सोबत नेलेल्या द्रवरूप ऑक्सिजनवर डिझेल जाळणारे हे इंजिन पाणबुडीला वर न येता अनेक दिवस खाली राहू देते. अमेरिकी नौदलाने २००५ ते २००७ अशी दोन वर्षे ‘गोटलंड’ सरावासाठी भाड्याने घेतली होती.

१९९९ मध्ये कॉकुम्स जर्मनीच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी कंपनीकडे गेली. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या ‘शल्की’ आणि ‘शंकुल’ या पाणबुड्यांचा आराखडा याच एचडीडब्ल्यूचा. परदेशी मालकाच्या हाती पाणबुडीचे ज्ञान राहणे स्वीडनला रुचेना. अखेर २०१४ मध्ये स्वीडनच्याच साबने कंपनी विकत घेतली. आज कार्ल्सक्रोना येथे साब कॉकुम्स या नावाने पाणबुड्या बांधल्या जातात. माल्मोच्या जुन्या गोदीच्या परिसरात विद्यापीठ आणि घरे आहेत.