शिरस्त्राणावरचा तुरा

मध्ययुगीन युरोपातल्या सरदाराने बंद शिरस्त्राण चढवलं की त्याचा चेहरा लोखंडाआड जाई. उरे ती बघण्यापुरती एक फट. ओळख पटावी म्हणून शिरस्त्राणावर तुरा आला, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. ओळखीसाठी ढालीवर चिन्ह होतं, अंगरख्यावर होतं, घोड्याच्या झुलीवरही होतं. तुरा वाढला तो मिरवण्यासाठी, आणि मिरवण्याची खरी जागा होती टूर्नामेंटचं, म्हणजे सरदारांच्या लढाऊ स्पर्धेचं मैदान.

सुरुवात नुसत्या रंगाने झाली. फ्लँडर्सचा काउंट फिलिप याच्या बाराव्या शतकाअखेरच्या मुद्रेवर शिरस्त्राणाच्या कडेला सिंह काढलेला दिसतो. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डच्या ११९८च्या सुमाराच्या राजमुद्रेवर तोच प्राणी माथ्यावरच्या पंख्यासारख्या पट्टीवर चढला. पुढे चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात झुरिकमध्ये चितारलेल्या मानेसे पोथीत तर शिंगं, पंख, पक्ष्यांची डोकी यांची रेलचेल आहे. उलरिख फॉन लिष्टेनश्टाइन या कवी-सरदाराने डोक्यावर चक्क व्हीनस देवी उभी केली आहे.

एवढा डोलारा लोखंडाचा असता तर मानच मोडली असती. तो बनायचा चामडं, कापड, चर्मपत्र, सरस आणि खडूचा. इंग्लंडच्याच पहिल्या एडवर्ड राजाने १२७८मध्ये विंडसर पार्कमध्ये भरवलेल्या स्पर्धेची खरेदीची यादी आजही शिल्लक आहे. ३८ जणांसाठी चामड्याची चिलखतं, तलवारी देवमाशाच्या हाडाच्या आणि चर्मपत्राच्या, वर चांदीचा मुलामा. शिवाय प्रत्येकाला दोन तुरे, एक स्वतःला आणि एक घोड्याला. ती यादी शस्त्रागाराची कमी आणि नाटकाच्या सामानाची जास्त वाटते. तुऱ्याचं कूळ मला तिथेच दिसतं.

तो कसा बसवायचा हे नेमकेपणाने लिहून ठेवलं आंजूच्या रेने राजाने, १४६०च्या आसपास, आपल्या स्पर्धाग्रंथात. उकळून कडक केलेल्या चामड्याचा तुकडा घ्यावा, शिरस्त्राणाचा सगळा माथा झाकेल एवढा. त्याला आतून बोटभर जाडीचं नमद्याचं अस्तर लावावं. वरून मालकाच्या चिन्हांचं वस्त्र. त्याच्या शेंड्यावर तुरा, आणि तुऱ्याच्या बुडाशी आवडीच्या रंगांचा, दंडाएवढा जाड पीळ. हा पीळ शोभेचा दिसतो, पण सांधा झाकण्याचं कामही तोच करतो. रेनेच्या ग्रंथात स्पर्धेआधी सगळे तुरे मठाच्या ओवरीत मांडून स्त्रियांना दाखवतात. ज्याने आपली निंदा केली असेल, त्याच्या तुऱ्याला त्या स्त्रीने हात लावायचा. मग मैदानात त्या गड्याला चोप. जर्मन मुलखातल्या दांडक्यांच्या स्पर्धेत तर समोरच्याचा तुरा उडवणं हाच डाव होता.

म्हणूनच स्पर्धेत खरोखर खेळलेले तुरे जवळजवळ उरलेच नाहीत. आज दिसतात ते मैदानापासून लांब राहिलेले. १३७६मध्ये वारलेल्या इंग्लंडच्या राजपुत्राचा, ‘ब्लॅक प्रिन्स’ एडवर्डचा सोनेरी सिंह कँटरबरी कॅथीड्रलमध्ये त्याच्या समाधीवर टांगलेला होता. माद्रिदच्या राजशस्त्रागारातला अरागोनच्या मार्तिन राजाचा चर्मपत्राचा, पंखवाला ड्रॅगन मायोर्काच्या उत्सवी मिरवणुकीत फिरत राहिला म्हणून टिकला. कित्येक वर्षं लोक त्याला मायोर्का जिंकणाऱ्या जाउमे राजाचं शिरस्त्राणच समजत होते.

आज युरोप-अमेरिकेत या स्पर्धा पुन्हा खेळणाऱ्यांपैकी काहीजण फोम कापून झटपट तुरा बनवतात. ते चालतं, पण सरस आणि कापडाने घडवलेल्या तुऱ्याला जो नाजूक उठाव येतो तो फोमला येत नाही. मातीचा सिंह घडवायचा, त्याला तूप-तेल चोळायचं, गरम सरसात भिजवलेल्या लिननच्या पट्ट्या त्यावर थरावर थर चिकटवायच्या. वाळला की पाठीच्या कण्यावरून सुरी फिरवून कवच उघडायचं, माती काढायची, चीर शिवून पट्टीने बुजवायची. मग खडू आणि सरसाचे पातळ हात. प्रत्येक हात वाळल्यावर घासायचा, नाहीतर आयाळीच्या खाचा भरून जातात. शेवटी तांबडी माती आणि तिच्यावर सोन्याचा वर्ख. पावसात सरस मऊ पडतो, म्हणून वरून वॉर्निश हवंच.

बुडाच्या चामड्याला भोकं पाडून तुरा शिरस्त्राणाला बांधतात. जुन्या शिरस्त्राणांच्या माथ्यावरही अशी भोकं सापडतात. जाणते कारागीर इथे खिळे टाळतात आणि दोराही मुद्दाम बारीक घेतात, म्हणजे घाव बसला की दोरा तुटतो आणि मान सुखरूप राहते.