खगोलीय दिनचित्र

खगोलीय दिनचित्र : दररोज विश्वाचे एक चित्र आणि त्याखाली खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला छोटा परिच्छेद, असे स्वरूप असलेले नासाचे संकेतस्थळ. मूळ नाव ‘ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे’, आद्याक्षरांवरून ‘एपॉड’. रॉबर्ट नेमिरॉफ व जेरी बॉनेल या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी ते १६ जून १९९५ रोजी सुरू केले. पहिले चित्र दुर्बिणीतले नव्हतेच; पृथ्वीची घनता न्यूट्रॉन ताऱ्याइतकी झाली तर ती कशी दिसेल, हे त्यात संगणकाने रेखाटले होते. दुसरे चित्र आले ते थेट २० जूनला.

जुनी चित्रे तारीखवार जपलेली असल्याने आपल्या जन्माच्या, लग्नाच्या किंवा मुलाच्या जन्माच्या दिवशी कोणते चित्र होते, हे शोधण्याचा छंद अनेकांना जडला. पानाच्या पत्त्यातच वर्ष, महिना आणि दिवस प्रत्येकी दोन अंकांत असतात. पहिल्या चित्राचा आकडा ९५०६१६. त्याआधी जन्मलेल्यांना लग्नाच्या किंवा अपत्याच्या तारखेवर भागवावे लागते. कधी तेजोमेघाऐवजी आकृती किंवा चलचित्र हाती लागते, कधी आधी येऊन गेलेलेच चित्र.

मात्र ही तारीख प्रसिद्धीची असते, चित्र टिपल्याची नव्हे. शिवाय ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मध्यरात्री बदलते. तेव्हा भारतात, ऋतूप्रमाणे, सकाळचे साडेनऊ किंवा साडेदहा वाजलेले असतात. म्हणून इथे पहाटे जन्मलेल्यांनी आदल्या दिवसाचे पानही उघडावे.

निरीक्षणाचा दिवस जुळवायचा असेल, तर हबल दुर्बिणीचा उपक्रम अधिक प्रामाणिक. एप्रिल १९९० मध्ये अवकाशात गेलेल्या या दुर्बिणीला तीस वर्षे झाली, त्या निमित्ताने नासाने तो सुरू केला. दिवस व महिना सांगितला की हबलने त्या तारखेला काय पाहिले ते दिसते. वर्ष मात्र आपले नसते. चित्र कोणत्याही वर्षीचे असू शकते.

प्रकाशाचा हिशेब लावला तर दोन्ही तारखा वरवरच्याच ठरतात. देवयानी दीर्घिकेचे चित्र कोणाच्याही वाढदिवशी आले, तरी त्यातला प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो. आपल्या जन्मवर्षी निघालेला प्रकाश पाहायचा, तर वयाइतकी प्रकाशवर्षे दूर असलेला तारा गाठावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला व्याध, सतरा वर्षांच्याला श्रवण, पंचविशीत अभिजित, सदतिसाव्या वर्षी स्वाती, पासष्टीला रोहिणी, एकोणऐंशीच्या आजोबांना मघा. अंतरे अर्थात स्थूलमानाने. या शोधाला संगणक लागत नाही आणि हे सगळे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. छंद म्हणून हाच प्रकार सर्वांत सरस.

दिनचित्रांपैकी नासाची स्वतःची चित्रे सहसा मुक्त असतात, पण अनेक छायाचित्रांचे हक्क ती टिपणाऱ्यांकडे असतात. लग्नपत्रिकेवर किंवा वाढदिवसाच्या फलकावर चित्र छापण्यापूर्वी त्याखालचे श्रेयनाव वाचावे आणि गरज असेल तेथे परवानगी घ्यावी.